मेलेल्या झाडांची हजेरी

कॅलिफोर्नियात 2012 ते 2016 असा सलग दुष्काळ पडला आणि सिएरा नेवाडाच्या उतारांवरची हिरवी पाइनची रानं तांबूस पडत गेली. अमेरिकी वनसेवेने विमानातून पाहणी करून 2017 च्या अखेरीस आकडा जाहीर केला: 2010 पासून राज्यात 12 कोटी 90 लाख झाडं मेली होती.

दुष्काळात झाड दोन प्रकारे मरू शकतं. पानांची रंध्रं उघडी ठेवली तर खोडातल्या जलवाहिन्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढेनासं होतं. रंध्रं मिटून घेतली तर अन्न बनणं थांबतं. सिएरातल्या पाइनवर मात्र शेवटचा घाव घातला तो साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी. हा किडा तांदळाच्या दाण्याएवढा. धडधाकट झाड त्याच्या भोकातून राळ सोडतं आणि त्याला तिथेच बुडवतं. पाणी तुटलं की राळ आटते. मग साल सोलून पाहिली तर खाली नागमोडी बोगदे दिसतात आणि लाकडावर निळसर बुरशी चढलेली असते.

जंगलाची जुनी संगणकी मॉडेलं 1970 च्या दशकातली. ज्या झाडाची वाढ खुंटली त्याला मरणाचा धोका जास्त, हा त्यांचा साधा हिशेब. सिएरात तो पुरला नाही, कारण पाँडेरोसा पाइनवर उतरणारा भुंगेरा थोराड झाडंच हेरतो. झाड किती तहानलेलं आहे एवढं कळून भागत नाही. किडा कोणतं झाड निवडेल आणि त्या उन्हाळ्यात त्याची पैदास किती वेगाने होईल, हेही गणितात धरावं लागतं. ते धरून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की तेवढ्याच दुष्काळात केवळ तापमानवाढीमुळे भुंगेऱ्यांनी मारलेली झाडं सुमारे 30 टक्क्यांनी वाढली.

हे शहाणपण संगणकातून आलेलं नाही. सिकोया आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानांत 1982 पासून ठरावीक तुकड्यांतल्या झाडांना क्रमांकाचे बिल्ले ठोकलेले आहेत. दर वर्षी माणसं जाऊन प्रत्येक झाड जिवंत आहे का ते पाहतात; मेलं असेल तर कशाने, हे साल काढून तपासतात. एरवी शंभरातलं एखाद-दुसरं झाडच वर्षाला मरतं. त्यामुळे मरणाचा नियम हाती लागायला हजारो झाडं आणि कित्येक वर्षं लागतात. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे बसत नाही, म्हणून अशा कंटाळवाण्या मोजणीला पैसा मिळवणं अवघड जातं.

आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल आला, की उपग्रहचित्रांवरून काढलेलं वनाच्छादन किती चौरस किलोमीटरने वाढलं याच्या बातम्या होतात. हिमाचल किंवा उत्तराखंडातल्या एखाद्या उतारावरचे देवदार का वाळले, हे त्या आकड्यातून कळत नाही. तिथल्या वनखात्यांनी प्रत्येक वनविभागात काही शे झाडांना बिल्ले ठोकावेत, वनरक्षकांना किडीची ओळख शिकवावी आणि मेलेल्या झाडाची कारणासह नोंद दर वर्षी सर्वांसाठी खुली करावी. खर्च बिल्ल्यांचा, थोड्या प्रशिक्षणाचा आणि पायपिटीच्या भत्त्याचा. पुढचा दुष्काळ पडण्याआधी हाती काही वर्षांच्या नोंदी हव्यात, म्हणून त्याची तरतूद येत्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी.