चेहरा घेतला, वाणी टाकली

आमच्या खानदेशातून मराठी घेऊन एम.ए. झालेला मुलगा आज पत्रकारितेत शिरतो, तो मोबाईल घेऊन. चोपडा, यावल, शिरपूरच्या पावरा पाड्यांवर तो चित्रण करतो, आवाज टिपतो, मजकूर लिहितो, संकलनही स्वतःच करतो. 'हे काही लेखन नव्हे', असा निवाडा आपल्यातील बरेच प्राध्यापक देतात. हा निवाडा वाङ्मयीन नाही, सोयीचा आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. घरातल्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ साली संग्रह निघू शकला. टिपणाऱ्यांनी ती 'शुद्ध' करून घेतली असती तर? मराठीला आणखी एक सामान्य गीतकार मिळाली असती, इतकेच.

आज नेमके तेच घडते. पाड्यावरची बाई पावरीत बोलते, शेतमजूर अहिराणीत बोलतो. बातमीत मात्र निवेदकाची प्रमाण मराठी ऐकू येते आणि त्यांचे ओठ नुसते हलताना दिसतात. चेहरा घेतला, वाणी टाकून दिली. 'इतरांना कळणार कसे?' हा प्रश्न रास्त आहे. पण मूळ आवाज ठेवून खाली मराठी ओळ देता येते. दोष तरुण वार्ताहराचा कमी, आपला अधिक. आपण त्याला माध्यमांसाठी लिहायला शिकवले, ऐकायला शिकवले नाही.

याची किंमत काय असते? १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारे समजून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. भिक्षेसाठी आलेल्या त्यांच्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. अफवा मोबाईलवरून पसरली, मारहाणीची दृश्येही मोबाईलवरूनच फिरली. या भटक्यांचे बोलणे, त्यांची वाट, त्यांचे पोट आपल्या पडद्यावर त्याआधी कितीदा आले होते? आले असते तर ते वाचले असते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु अनोळखी माणसावर अफवा लवकर चिकटते, हे कोण नाकारील?

त्याच २०१८ साली आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. फलकावर नाव लिहिणे सोपे असते. त्या नावाला जागायचे, तर पाड्यावर टिपलेला आणि न 'सुधारलेला' आवाज आपल्या वर्गात अभ्यासाचा विषय झाला पाहिजे. तोवर आपण बहिणाबाईंची जयंती करीत राहू आणि आजच्या बहिणाबाईंचा आवाज बंद करून त्यांचे चित्र पाहत राहू.