मूल्यमापन कुणाचे, आणि कुणी करायचे?

कोहमाऱ्याच्या फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. जवळच्या एका गावात सौर दुहेरी पंप बसवून दोन वर्षे झाली होती आणि एका संस्थेसाठी मला त्याचे मूल्यमापन करायचे होते. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी बरीच वर्षे काम करते आहे. अशा प्रश्नावल्या मी कितीतरी भरल्या होत्या.

योजना तशी चांगली. एकाच बोअरवेलवर हातपंप आणि सौरऊर्जेवर चालणारा पंप. ऊन असले की पाणी टाकीत चढते आणि तिथून नळाला येते. पंप चालू आहे का? टाकी गळते का? किती कुटुंबे पाणी वापरतात? दोन दिवसांत सगळ्या रकान्यांत ‘होय’ भरले. सरपंच, पाणी समितीचे सदस्य, ओट्यावर बसलेले पुरुष, सगळे म्हणाले, ‘मोठी सोय झाली.’

निघताना एका आजीने हटकले. ‘मॅडम, पानी येते का, ते तुमी इचारलं. कवा येते, ते नाही इचारलं.’

मी परत बसले. बाया जमल्या आणि खरी हकीकत कळली. सकाळी ऊन वर आले की टाकी भरायला लागते आणि ती भरली की अकराच्या सुमारास नळ सोडतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया त्याच्या कितीतरी आधी बांधीवर गेलेल्या असतात. म्हणजे घरातले पाणी पहाटे अंधारात हातपंपावरूनच भरायचे. नळ आला, पण हाताचा पंप सुटला नाही. गावाच्या टोकाच्या टोल्यावर तर नळाची धार करंगळीएवढीच. ‘सोय झाली’ हे पुरुषांचे म्हणणे खोटे नव्हते. बायांचे म्हणणेही खरे होते. माझ्या कागदावर त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

उपायही त्यांनीच सांगितला. दुपारी टाकी भरून ठेवा, रात्रभर बंद ठेवा आणि पहाटे पाचला सोडा. यात एक पैसा लागत नव्हता. दोन वर्षांत हे कुणी त्यांना विचारले नव्हते. मीही विचारले नसते.

मैत्रिणींनो, ही एका गावची चूक नाही. 1980 च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 मध्ये तो बंद झाला, तोपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याचा हिशेब कागदावर होता. त्यातल्या कितीतरी मोडल्या, नाहीतर वापराविना पडून राहिल्या. मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली. रांधणाऱ्या बाईचे डोळे अजून चुरचुरतात का, तिचे भांडे त्या तोंडावर बसते का, हे मोजायचे राहून गेले. त्याच काळात हरियाणातल्या नाडा गावात मधू सरीन यांनी बायांबरोबर बसून, त्यांच्या सूचना घेत चूल घडवली. ती ‘नाडा चूल’ म्हणून ओळखली गेली. रांधणारीला आधीच विचारता येते, हे तेव्हाच दिसले होते.

2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावागावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरवले. चांगलेच आहे. पण पाण्याचा दर्जा तपासायला बाई चालते, तर योजनेचा दर्जा ठरवायला का चालू नये?

तांत्रिक गोष्टी गावातल्या बायांना काय कळणार, असे म्हणणारे भेटतात. पॅनेल किती वीज देते, हे इंजिनिअरनेच मोजावे. पण त्या विजेने कुणाचे ओझे उतरले, हे ओझे वाहणारीलाच ठाऊक असते. राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामाचा हिशेब गावकऱ्यांसमोर वाचला की खोटी हजेरी आणि न झालेली कामे कशी उघडी पडतात, हे त्यांतून दिसले. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने करायचे सामाजिक अंकेक्षण आले. हिशेब तपासणे लोकांना जमते, हे आता नव्याने सिद्ध करायला नको.

मात्र ‘लोकसहभाग’ या शब्दाला भुलू नये. सभा बोलावून, चहा पाजून, रजिस्टरवर सह्या घेतल्या की सहभाग झाला, असे नाही. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. टोल्यावरची बाई चावडीवर बोलत नाही, आणि तिच्या घरी पोचेपर्यंत आम्हा तज्ज्ञांची परतीची बस निघून जायची वेळ होते.

म्हणून आपल्या गटांनी काही आग्रह धरावेत. प्रश्नावली छापण्याआधी, काय विचारायचे हे वापरणाऱ्या बायांनी ठरवावे. पाहणी रोवणीच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातही व्हावी, फक्त आमच्या सोयीच्या महिन्यात नको. त्यासाठी बाई दिवस मोडत असेल, तर तिला त्या दिवसाची मजुरी मिळावी. मला मानधन मिळते, तिने फुकट का सांगावे? अहवाल मराठीत गावात परत यावा आणि ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत तो मोठ्याने वाचला जावा. त्यात चुकीचे असेल ते खोडण्याचा अधिकार बायांना असावा.

त्या गावात नळ आता पहाटे सुटतो. टोल्यावरची धार अजून बारीकच आहे, कारण तिथे पाइप बदलावा लागेल आणि त्याला पैसे लागतात. माझ्या अहवालात ‘योजना यशस्वी’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिले नाही. शेजारी एक पान जोडले आणि त्यावर बायांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत उतरवले. पुढच्या वेळी ते पान आधी असेल आणि रकाने नंतर.