समाजकार्याचे राजकीय सोवळे

समाजकार्यकर्त्याने राजकारणाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, दीनदुबळ्यांची मुकाट्याने सेवा करावी आणि त्यांच्या दैन्याचे दायित्व कोणाच्या माथी आहे याचा उच्चारही करू नये, असे मानणारे सज्जन दैन्य लादणाऱ्या व्यवस्थेलाच आव्हान देणाऱ्या ‘दमनविरोधी समाजकार्या’ला विलायती खूळ म्हणून निकालात काढतात. ही संज्ञा विलायतेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली हे खरे. विचार मात्र आपल्या दप्तरी त्यापूर्वीच दाखल आहे.

१९३२ च्या नोव्हेंबरात, तिसऱ्या गोलमेज परिषदेस जाताना, डॉ. आंबेडकरांनी बोटीवरून अस्पृश्यतानिवारक संस्थेचे चिटणीस ठक्करबाप्पा यांना पत्र लिहिले. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेने अस्पृश्यांच्या व्यक्तिगत दुर्गुणांचे निवारण करण्यात शक्ती वेचावी, की त्यांना जखडणाऱ्या परिस्थितीवरच घाव घालावा, असा त्यातील रोकडा प्रश्न होता. आणि पाणवठे, शाळा, चावडी येथील हक्कांसाठी झगडणे हेच आद्य कर्तव्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

परिस्थिती कशी जखडते, हे मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, पाहा. तेथे मजुरी अधिक, पण अस्पृश्याला मज्जाव; कारण कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. अशा कामगाराला काटकसर शिकविणारा आणि साचेखात्याच्या दाराविषयी मौन पाळणारा समाजसेवक स्वतःला तटस्थ म्हणवितो, हे नवलच! त्याच्या मौनाने मालकाची सोय होते आणि मजूर भरणाऱ्या जॉबरचीही.

ठक्करबाप्पांच्या निष्ठेविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. भिल्लांसाठी त्यांनी देह झिजविला. परंतु अस्पृश्यता हे सवर्णांचे ऋण, म्हणून संघाचा कारभार ऋणकोंनीच पाहावा, ही गांधीजींची भूमिका मला मुळीच पटत नाही. धनकोला खतावणी दाखवायची नाही आणि फेडीचा हिशेब मात्र आपणच लिहायचा, हा व्यवहार कोणत्या पेढीवर चालेल?

नुसत्या ठरावावर विसंबणारेही असेच फसतात. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, तरी त्या पाण्याला अस्पृश्यांची ओंजळ लागण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि पुढे दिवाणी दावा १९३७ पर्यंत चालला. ऋणकोने ऋण कसे फेडावे, हेही तेथेच दिसले: महाडच्या त्या लढ्यात अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि गंगाधरपंत सहस्रबुद्धे हे सवर्णही आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली राबले; त्यांपैकी टिपणीस तर महाडचे नगराध्यक्ष होते.