शीतकरणाचे तज्ज्ञ कोणाचे?

ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रिअल करार झाला. त्याखालील एक तज्ज्ञ समिती फ्रीज व वातानुकूलन यंत्रांतील वायूंची छाननी करून दर चार वर्षांनी अहवाल देते. पर्याय तिने मांडावेत, निर्णय राष्ट्रांनी घ्यावा, ही व्यवस्था रास्तच आहे.

सभासद मानधन घेत नाहीत. विकसनशील देशांतील सभासदांच्या प्रवासाला कराराचा निधी मिळतो. श्रीमंत देशांतील सभासदांचा खर्च बहुधा त्यांचा मालक करतो, आणि या मालकांत वायू व यंत्रे बनविणाऱ्या कंपन्याही असतात. ज्ञान तेथे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हितसंबंधही तेथेच आहेत. १९९३ साली जर्मनीत हायड्रोकार्बनवर चालणारा घरगुती फ्रीज विक्रीस आला, तो पूर्व जर्मनीतील एका बुडत्या कारखान्याच्या आणि पर्यावरणवाद्यांच्या जिद्दीने. बडे उत्पादक त्याला स्फोटक म्हणून हिणवीत होते!

प्रोपेन स्वस्त आहे, पण पेट घेणारा आहे. गल्लीतला दुरुस्ती कामगार तो हाताळणार, तेव्हा त्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षा कोणाच्या हिशेबात धरली जाते? किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८पासून हायड्रोफ्लुओरोकार्बनचा वापर गोठवायचा आहे. समितीसाठी नावे सुचविण्याचा अधिकार सरकारांना आहे. दिल्लीने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखाद्या अनुभवी शिक्षकाचे नाव धाडावे.