क्लिपबोर्डचा प्रोग्रॅम मशीनबरोबरच सुरू होऊ द्या

दिवाळी अंकाचं काम करणाऱ्यांना सप्टेंबरचे दिवस वेगळे सांगायला नकोत. हस्तलिखितं येत असतात, फोन वाजत असतो आणि मजकूर या फाइलमधून त्या फाइलमध्ये हलवता हलवता संध्याकाळ होते. अशाच एका संध्याकाळी मी एका लेखातला दीड पानाचा मजकूर कट केला. तो वेगळ्या चौकटीत द्यायचं ठरलं होतं. मूळ फाइल सेव्ह करून बंद केली, चौकटीसाठी नवी फाइल उघडली, तेवढ्यात चित्रकारांचा फोन आला. लेखिकाबाईंचा नंबर हवा होता. नंबर कॉपी करून पाठवला, परत येऊन कंट्रोल-व्ही दाबलं, तर कोऱ्या पानावर दहा आकडे उमटले.

मजकूर गेला होता. जुनी फाइल बंद झालेली, त्यामुळे कंट्रोल-झेडचाही उपयोग नव्हता. जास्त लागलं ते हे की माझ्या मशीनवर डिट्टो होतं. डिट्टो म्हणजे कॉपी केलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी ठेवणारा मोफत प्रोग्रॅम. पण दुपारी लाइट गेली होती. ती आल्यावर मशीन चालू केलं, फाइली उघडल्या, कामाला लागलो आणि डिट्टो उघडायचं राहून गेलं. आता यादी उघडून पाहिली, तर तिच्यातली सर्वांत वरची नोंद सकाळची होती. बाईंच्या हस्ताक्षरावरून ते दीड पान पुन्हा टाइप करता करता रात्रीचे नऊ वाजले.

त्याच रात्री घरी जाण्यापूर्वी मी एक खूण केली, ती तुम्हीही करावी एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

क्लिपबोर्डचं मूळ दुखणं असं की त्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. दुसरी आली की पहिली पुसली जाते, आणि मशीन तसं सांगतही नाही. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात कट-कॉपी-पेस्टची ही पद्धत बसवली. आज आपण वर्ड, मेल, व्हॉट्सअॅप आणि दहा टॅब एकदम उघडून बसतो, तरी जागा एकाचीच आहे. ही उणीव डिट्टो किंवा कॉपी-क्यूसारखे प्रोग्रॅम भरून काढतात. मात्र ते चालू असतानाच कॉपी झालेलं त्यांच्याकडे राहतं. आधी गेलेलं त्यांना नंतर शोधता येत नाही. त्यामुळे हा प्रोग्रॅम गरज पडल्यावर उघडण्याचा नाहीच. गरज पडली हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आठवणीने रोज उघडू, असं वाटतं. काही आठवडे उघडतोही. लॅपटॉप नुसता मिटून ठेवण्याची सवय असेल तर प्रोग्रॅम कित्येक दिवस उघडावाही लागत नाही. मग एका रात्री विंडोजचं अपडेट येतं, मशीन आपलं आपण रीस्टार्ट होतं आणि सकाळी सगळं नेहमीसारखं दिसतं. प्रोग्रॅम तेवढा बंद असतो.

डिट्टोमध्ये ही सोय आतच दिलेली आहे. घड्याळाजवळच्या त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून ऑप्शन्समध्ये जा. जनरल या पानावर सिस्टिमबरोबर सुरू करण्याचा चौकोन आहे, त्यात खूण करा आणि ओके म्हणा. झालं. ज्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय नसेल, त्याच्यासाठी विंडोज की आणि आर एकदम दाबा. जी छोटी चौकट उघडेल, तिच्यात इंग्रजीत शेल, मग कोलन, मग स्टार्टअप असं मधे जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. एक फोल्डर उघडेल. त्यात प्रोग्रॅमचा शॉर्टकट आणून ठेवा. हा फोल्डर प्रत्येक युजरचा वेगळा असतो. घरात मुलगी आणि तुम्ही वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करत असाल, तर तिच्या लॉगिनमध्ये हे निराळं करावं लागेल.

एवढं करूनही प्रोग्रॅम सुरू झाला नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातलं स्टार्टअपचं पान पाहा. मशीन जलद करून देतो म्हणणारे सफाईचे प्रोग्रॅम, कधी दुरुस्तीला आलेला माणूस, तिथली नावं सरसकट बंद करून टाकतात. नावापुढे डिसेबल्ड लिहिलेलं असलं की फोल्डरमध्ये शॉर्टकट असूनही काही उपयोग होत नाही. राइट क्लिक करून ते एनेबल करा. मॅक वापरणाऱ्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात लॉगिन आयटम्स पाहावं.

सुरुवातीला जास्त प्रोग्रॅम चढले की मशीन रखडतं, ही तक्रार खरी आहे. पण त्याच पानावर नजर टाका. महिन्यातून एकदा लागणारं मीटिंगचं अॅप, मुलाने कधीतरी घातलेला गेम, नुसती अपडेट शोधत बसणारी दोन-चार नावं तिथे सापडतील. ती बंद करा. क्लिपबोर्डचा प्रोग्रॅम अगदी हलका असतो. माझ्या जुन्या मशीनवरही तो सुरू झाल्याचं जाणवत नाही.

काही नवं घालायचं नसेल, तर विंडोजमधली स्वतःची यादी वापरा. ऑक्टोबर २०१८च्या अपडेटपासून ती विंडोज १०मध्ये आहे, ११मध्येही आहे. विंडोज की आणि व्ही दाबा, पहिल्यांदा ती चालू करायची का असं विचारेल, हो म्हणा. मग ती रोज आपोआप काम करते. तिच्यात फक्त २५ नोंदी राहतात आणि पिन केलेल्या सोडून बाकी सगळ्या रीस्टार्टला पुसल्या जातात. शाळेच्या नोटिसा, पत्रव्यवहार, एवढंच काम असेल तर ती पुरते. डीटीपी करणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, अंकाचं काम पाहणाऱ्याला ती पुरणार नाही. डिट्टोची यादी डिस्कवर साठते, लाइट गेली तरी राहते आणि तिच्यात शब्द टाकून शोधताही येतं.

आता जे सांगणार आहे ते कृपा करून वगळू नका. ही यादी तुम्ही कॉपी केलेलं सगळं ठेवते, आणि त्यात पासवर्डही आला. बँकेचा खाते क्रमांक, आधारचे बारा आकडे, कोणी विश्वासाने पाठवलेलं खासगी पत्र, सगळं तिच्यात ओळीने बसतं. तुमच्या मशीनवर तुमच्या नावाने जो बसेल त्याला ते दिसेल. म्हणून ज्या मशीनवर अनेकांचे हात पडतात, तिथे असा प्रोग्रॅम आपोआप सुरू होता कामा नये. सेवा केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत दिवसभर लोकांचे आधार आणि पॅन क्रमांक कॉपी होत असतात. सकाळी आलेल्या आजोबांचा क्रमांक संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला एका बटणावर दिसावा, हे कोणत्याही दुकानदाराला नको असेल. केंद्र चालवणाऱ्या भावाबहिणींनो, तुमच्या मशीनवर हे चालू आहे का ते आज बघाच. विंडोज की आणि व्ही दाबून यादी उघडली, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात क्लिपबोर्ड इथे जाऊन ती पुसा आणि बंद करा. डिट्टोसारखा प्रोग्रॅम कोणी घालून ठेवला असेल, तर तो काढून टाका.

स्वतःच्या मशीनवरही पासवर्ड कॉपी झाला, तर तेवढी नोंद लगेच खोडायची सवय लावा. उठताना विंडोज की आणि एल दाबून मशीन लॉक करा.

खूण केल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. उघड्या फाइली सेव्ह करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. घड्याळाशेजारी चिन्ह दिसतं का पाहा, नसेल तर तिथल्या बाणावर क्लिक करून आत पाहा. मग दोन वेगळे शब्द एकामागून एक कॉपी करा आणि यादी उघडा. दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. ही तपासणी उद्यावर ठेवू नका, आजच करा.