विश्लेषण : गॅरेजमधून आलेला ‘नाही’ म्हणजे विमा दाव्याचा निकाल नव्हे!

पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरते, गाडी टोचन करून गॅरेजमध्ये नेली जाते आणि काही दिवसांनी तिथूनच फोन येतो, ‘साहेब, कंपनी क्लेम नाही म्हणतेय.’ अनेक वाहनधारक इथेच हात टेकतात आणि खिशातून बिल भरून मोकळे होतात. पण असा तोंडी निरोप म्हणजे निर्णय नव्हे. दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारला, तर पॉलिसीतील नेमकी अट दाखवून त्याचे कारण ग्राहकाला कळवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे.

निर्णय किती दिवसांत?

विमा नियामक ‘इर्डा’ने जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय घ्यायचा. केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही. सर्व्हेअरचा अहवालही अंतिम शब्द नव्हे. त्याची प्रत मागून घ्यावी आणि आकडा पटला नाही तर लेखी हरकत नोंदवावी.

प्रत्येक कपात चुकीची असते का?

नाही. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर साधारण ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. ‘झिरो डेप’ घेतले असेल तर ही कपात बहुतांशी टळते. पाण्यात अडकलेली गाडी सुरू करून पाहिल्याने इंजिन निकामी झाले, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ नसलेल्या पॉलिसीत तो खर्च सहसा नाकारला जातो. म्हणून पाणी शिरले की किल्ली फिरवू नये. आधी फोटो काढावेत आणि कंपनीला कळवावे.

कळवायला उशीर झाला तर?

सूचना तातडीने देणे केव्हाही चांगले. मात्र उशीर झाला म्हणजे दावा आपोआप बुडत नाही. वाहनचोरीच्या प्रकरणात पोलिसांत लगेच तक्रार नोंदवली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. त्यासाठी कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. तिथे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते. मात्र आयोगात प्रकरण सुरू असताना त्याच दाव्यासाठी लोकपालाकडे जाता येत नाही.

मग अडते कुठे?

नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. अडते ते कागदावर. फोनवरचा नकार कुठेच सिद्ध करता येत नाही. म्हणून सूचना दिल्याची तारीख, दावा क्रमांक, ई-मेल जपून ठेवावेत आणि ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशा कागदावर घाईने सही करू नये. पण सगळी जबाबदारी ग्राहकावर ढकलून कंपन्यांना मोकळे होता येणार नाही. हप्ता भरण्याची आठवण न चुकता थेट ग्राहकाच्या मोबाइलवर येते. मग नकाराचे कारणही गॅरेजवाल्याच्या तोंडून नव्हे, तर तितक्याच वेळेवर, ग्राहकाला समजेल अशा मराठीत यायला हवे. ते आले नाही, तर मागून घ्यावे. तो आपला हक्कच आहे.