अबोल कप्तान

३० जुलै १९६६. लंडनचं वेम्बली स्टेडियम खच्चून भरलेलं. जादा वेळेपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असं हरवलं होतं आणि इंग्लंडचा २५ वर्षांचा कप्तान विश्वचषक घ्यायला पायऱ्या चढत होता. वर राणी एलिझाबेथ उभी. तिच्या हातांत पांढरेशुभ्र हातमोजे. कप्तानाचं लक्ष आधी त्या हातमोज्यांकडे गेलं आणि मग स्वतःच्या हातांकडे. दोन तास ओलसर मैदानावर खेळून ते मळलेले. अख्खा देश आनंदाने बेभान झालेला आणि हा गडी काय करतो? तर कठड्यावर अंथरलेल्या मखमलीला आपले हात पुसतो आणि मगच राणीच्या हातात हात देतो!

या कप्तानाचं नाव बॉबी मूर. २४ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी तो गेला. त्याला जाऊन आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही फेब्रुवारी उजाडला की लंडनच्या पूर्व भागातली माणसं त्याची आठवण काढतात. आपल्याकडे पेले आणि मॅराडोना घरोघरी पोचले. बॉबी मूर तेवढा पोचला नाही. कारण तो गोल करणारा नव्हे, गोल अडवणारा. अडवणाऱ्यांची पोस्टर्स भिंतीवर सहसा लागत नाहीत.

बॉबीचा जन्म १२ एप्रिल १९४१ चा, लंडनला लागून असलेल्या बार्किंग गावातला. घर कामगारवस्तीतलं आणि बॉबी आईबापांचा एकुलता एक. आई इतकी टापटिपीची की मुलाच्या फुटबॉल बुटांच्या नाड्यासुद्धा धुऊन, इस्त्री करून द्यायची, असं सांगतात. हा नीटनेटकेपणा बॉबीत पुरेपूर उतरला. कपडे घडी मोडू न देता घालणार, बोलणार मोजकं आणि चेहऱ्यावरची रेघ हलू देणार नाही.

गंमत म्हणजे, फुटबॉलपटूकडे जे हवं असं आपण समजतो, त्यातलं बरंचसं बॉबीकडे नव्हतं. तो वेगाने धावत नसे. हवेतला चेंडू डोक्याने मारण्यात त्याचा हातखंडा नव्हता. पण समोरचा खेळाडू पुढे काय करणार हे त्याला आधीच कळायचं. स्कॉटलंडचे नामवंत प्रशिक्षक जॉक स्टीन तर म्हणायचे, की या माणसाविरुद्ध कायदाच करायला हवा, इतरांच्या वीस मिनिटं आधी याला सगळं दिसतं! संकट येऊन ठेपल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते येणार त्या जागी आधीच जाऊन उभं राहायचं, हा बॉबीचा खेळ.

१९५८ साली वेस्ट हॅम युनायटेड या क्लबकडून तो पहिला सामना खेळला. १९६३ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, इंग्लंडचा आजवरचा सर्वांत तरुण कप्तान झाला. एकूण १०८ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, त्यातल्या ९० सामन्यांत कप्तान म्हणून. १९६४ मध्ये एफए कप, १९६५ मध्ये युरोपचा कप विनर्स कप आणि १९६६ मध्ये विश्वचषक. लागोपाठ तीन वर्षं त्याने वेम्बलीच्या त्याच पायऱ्या चढून तीन चषक उचलले.

पण या तीन चषकांच्या मधोमध एक गोष्ट घडली होती. ती जगाला कळली नाही. कळली ती कितीतरी वर्षांनी, बॉबी गेल्यावर.

१९६४ च्या नोव्हेंबरात बॉबीला वृषणाचा कॅन्सर झाला. वय २३. पत्नी टीना गरोदर, पहिलं मूल काही आठवड्यांवर आलेलं. शस्त्रक्रिया करून एक वृषण काढावं लागलं. बाहेर सांगण्यात आलं, की सरावात जांघेला दुखापत झाली आहे. त्या काळी कॅन्सर हा शब्द इंग्लंडातही लोक दबक्या आवाजात उच्चारत आणि त्यातून हा अवयव तर बोलण्याच्या पलीकडचा! बॉबी बोलला नाही. बरा होऊन मैदानावर परतला. जानेवारीत मुलगी झाली आणि मे महिन्यात त्याने कप विनर्स कप उचलला. वेम्बलीच्या गर्दीत टाळ्या वाजवणाऱ्या हजारो लोकांपैकी कितीजणांना ठाऊक होतं, की हा पोरगा सहा महिन्यांपूर्वी मरणाच्या दारातून परत आला आहे?

हे न बोलणं हीच पुढे त्याची ओळख झाली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट चालू होतं. इंग्लंड ३-२ ने पुढे. चेंडू बॉबीच्या पायात, आपल्याच गोलजवळ. सहकारी जॅक चार्ल्टन ओरडत होता, चेंडू मार प्रेक्षकांत आणि वेळ काढ! बॉबीने मान वर केली, दूरवर धावणारा जेफ हर्स्ट पाहिला आणि त्याच्या पुढ्यात अलगद चेंडू टाकला. हर्स्टने चौथा गोल केला आणि सामना संपला.

१९७० ची कथा तर सिनेमात शोभावी अशी. मेक्सिकोतल्या विश्वचषकाआधी इंग्लंडचा संघ कोलंबियातल्या बोगोटा शहरात उतरला होता. तिथल्या हॉटेलातल्या दागिन्यांच्या दुकानातून पाचू जडवलेलं ब्रेसलेट चोरल्याचा आळ बॉबीवर आला. जगज्जेत्या संघाचा कप्तान चक्क चार दिवस स्थानबद्ध! आरोप कधीच सिद्ध झाला नाही, पुढे प्रकरण मिटलं. पण त्या चार दिवसांत त्याने ना आदळआपट केली, ना पत्रकारांपुढे रडगाणं गायलं. सुटला, मेक्सिकोला गेला आणि ७ जून रोजी ब्राझीलविरुद्ध असा खेळला, की आजही बचावाचा धडा म्हणून तो सामना दाखवतात. पेनल्टी क्षेत्रात चेंडू घेऊन सुसाट येणाऱ्या जेरझिन्योच्या पायातून त्याने ज्या अचूकपणे चेंडू काढला, त्याला तोड नाही. सामना इंग्लंड ०-१ ने हरलं. पण खेळ संपल्यावर पेले आणि बॉबी यांनी उघड्या अंगाने हसत शर्ट बदलले. तो फोटो फुटबॉलच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला फोटो असावा. हाच पेले पुढे १९७७ मध्ये कोलकात्यात येऊन मोहन बागानविरुद्ध खेळून गेला. बॉबीसारखा बचावपटू आपण पाहिला नाही, असं तो अनेकदा सांगे.

खेळ संपल्यावर काय? बॉबीच्या बाबतीत याचं उत्तर मनाला लागतं. पेले आणि मायकेल केनसोबत ‘एस्केप टू व्हिक्टरी’ या १९८१ च्या चित्रपटात तो झळकला. पण ज्या फुटबॉलसाठी त्याने आयुष्य वाहिलं, तिथे त्याला जागा मिळेना. छोट्या क्लबांचं व्यवस्थापन केलं, तिथे यश आलं नाही. धंद्यात हात पोळले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने विश्वचषक जिंकून देणाऱ्या या कप्तानाच्या अनुभवाचा कधी उपयोग करून घेतला नाही. शेवटी तो एका खपाऊ वृत्तपत्राचा क्रीडा संपादक झाला आणि रेडिओवर सामन्यांचं विश्लेषण करू लागला. तक्रार मात्र एका शब्दाची नाही. लोकांना वाटे, बॉबी मजेत आहे.

आणि मग पोटाचं दुखणं सुरू झालं. बरेच दिवस ते किरकोळ समजलं गेलं. १९९१ च्या एप्रिलमध्ये तातडीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुष्कळ पुढे गेलेला होता. जो माणूस मैदानावर संकट येण्याआधी त्याच्या वाटेत उभा असायचा, त्याच्या शरीरातलं संकट मात्र फार उशिरा ओळखलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने स्टेफनीशी विवाह केला. टीनाशी तो आधीच विभक्त झाला होता. हेही आजारपण त्याने जगापासून लपवूनच ठेवलं. फेब्रुवारी १९९३ च्या मध्यावर त्याने पहिल्यांदा जाहीर केलं, की आपल्याला कॅन्सर आहे आणि तो यकृतात पसरला आहे. १७ फेब्रुवारीला वेम्बलीवर इंग्लंड आणि सान मारिनो यांचा सामना होता. बॉबी आला, रेडिओच्या जागेवर बसला आणि नेहमीसारखंच मोजकं बोलून काम पुरं केलं. बरोबर सात दिवसांनी तो गेला.

मग मात्र इंग्लंडला जाग आली. वेस्ट हॅमच्या मैदानाचं फाटक फुलांनी झाकून गेलं. इतर क्लबांच्या पाठीराख्यांनीही, एरवी हाडवैर असणाऱ्यांनीसुद्धा, आपले स्कार्फ तिथे आणून बांधले. पुढच्या सामन्याआधी त्याचे जुने सहकारी जेफ हर्स्ट आणि मार्टिन पीटर्स यांनी मैदानाच्या मध्यावर फुलांचा भला मोठा शर्ट ठेवला. त्यावर बॉबीचा आकडा, ६. जूनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत स्मरणसभा झाली. हा मान मिळालेला तो दुसराच खेळाडू. पहिला कोण? वेस्ट इंडिजचा सर फ्रँक वॉरेल. १९६२ साली बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा ज्याने आपलं रक्त दिलं, तोच हा वॉरेल.

२००७ मध्ये नव्या वेम्बलीच्या दारात बॉबीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याचं अनावरण बॉबी चार्ल्टनने केलं. २००८ मध्ये वेस्ट हॅमने ६ नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त केला. मात्र एक गोष्ट राहिली ती राहिलीच. प्रशिक्षक आल्फ रॅम्से ‘सर’ झाले, बॉबी चार्ल्टन झाला, जेफ हर्स्ट झाला. बॉबी मूरला तो किताब मिळाला नाही, कारण तो मरणोत्तर देत नाहीत. जिवंतपणी मागायची त्याला सवय नव्हती आणि कुणी आपणहून दिला नाही!

पण माझ्या मते त्याचं खरं स्मारक वेम्बलीच्या दारातलं नाही. ते उभं केलं स्टेफनीने. नवरा गेला त्याच वर्षी, १९९३ मध्ये, तिने कॅन्सर संशोधन संस्थेच्या साथीने ‘बॉबी मूर फंड’ सुरू केला. आतड्याच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी कोट्यवधी पौंड या फंडातून उभे राहिले. त्याहून मोठं काम म्हणजे ती बोलली. शौचाच्या सवयी, शौचावाटे जाणारं रक्त, ज्या गोष्टी चारचौघांत काढायच्या नाहीत असं इंग्रज माणूस समजे, त्या ती सभांमधून, वृत्तपत्रांमधून स्पष्ट सांगू लागली. २००६ पासून इंग्लंडमध्ये ठरावीक वयाच्या स्त्री-पुरुषांना या कॅन्सरची तपासणी घरच्या घरी करता यावी, म्हणून चाचणीचं साहित्य टपालाने पाठवलं जाऊ लागलं. जो विषय एके काळी कुजबुजीचा होता, तो घरोघरच्या पत्रपेटीत येऊन पडला!

आता जरा आपल्या घरात डोकावून पाहा. दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे गुण समजला जातो. वडील सकाळी बराच वेळ बाथरूममधून बाहेर येत नाहीत, कुणी विचारत नाही. रक्त दिसलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्महिने इसबगोलावर काढायचे. तरुण मुलाला जांघेत, वृषणात गाठ लागली तर तो आईला सांगायला लाजतो, वडिलांना सांगायला घाबरतो. आईची तर गोष्टच नको! घरातल्या सगळ्यांची दुखणी उरकल्याशिवाय तिला स्वतःचं दुखणं आठवतच नाही.

शौचावाटे रक्त जाणं, शौचाची सवय बदलून तीन-चार आठवड्यांत पूर्ववत न होणं, कारण नसताना वजन उतरणं, सतत थकवा वाटणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावं. बहुतेक वेळा ते साधंच काहीतरी निघतं आणि आपण निश्चिंत होतो. साधं नसेल, तरी लवकर कळलं तर उपचार होऊ शकतात. तरुण वयातला वृषणाचा कॅन्सरही वेळेत सापडला तर बहुतांशी बरा होतो. खुद्द बॉबी मूर त्यातून उठून जगज्जेता झाला होता.

मैदानावरचं त्याचं मौन देखणं होतं, यात शंका नाही. तसा संयम आपल्या मुलांनी जरूर शिकावा. पण दुखण्याच्या बाबतीत अबोल राहणं म्हणजे धीर नव्हे. या आठवड्यात घरातल्या थोरल्या माणसाजवळ दोन मिनिटं बसा आणि विचारा, ‘बाबा, तब्येत खरंच बरी आहे ना?’ ते ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतील. तरीही पुन्हा एकदा विचारा.